नवा काडीकिडा सापडला? आधी अंडी गोळा कर

तुला सापडलेली, नव्या प्रजातीची वाटणारी काडीकिड्याची मादी अजून जिवंत आहे म्हणतोस, तर नमुना जपायला म्हणून तिला इतक्यात अल्कोहोलमध्ये टाकू नकोस. ती ज्या झाडावर सापडली त्याचा पाला दे, तळाशी कोरा कागद अंथर आणि रोज सकाळी तो तपास. बऱ्याच काडीकिड्यांच्या माद्या अंडी खाली टाकतात आणि ती हुबेहूब बियांसारखी दिसतात, विष्ठेत सहज हरवतात. काडीकिड्यांच्या वर्गीकरणात अंड्याला फार वजन आहे. टोकाचं झाकण, त्यावरचा गोंडा, पाठीवरच्या सूक्ष्मद्वार-पट्टिकेचा (शुक्राणू आत शिरतात त्या बारीक छिद्राभोवतीच्या पट्ट्याचा) आकार, कवचावरची खरखर, या सगळ्याचे जवळून फोटो घे.

अंडी उबली तर कदाचित नरही हाती लागेल. नर-मादी इतके वेगळे दिसतात की भलेभले फसतात. न्यू गिनीतल्या काही पानकिड्यांच्या (काडीकिड्यांचे पानासारखे दिसणारे नातलग) नर-माद्या कित्येक वर्षं दोन वेगळ्या वंशांत, म्हणजे प्रजातींच्या दोन वेगळ्या गटांत, मोडत होत्या. एका मादीच्या अंड्यांतून नर निघाले तेव्हा कोडं सुटलं, 2020 साली ते प्रसिद्ध झालं.

रंग आजच टिपून ठेव, मेल्यावर हिरवा तपकिरी होतो. पाय मोजताना दोन्ही बाजू ताडून बघ, कारण तुटून पुन्हा फुटलेला पाय आखूड असतो. आणि बिनपंखी प्रजातीचं पिल्लू प्रौढासारखंच दिसतं, त्याला नामधारक नमुना (ज्याच्यावर प्रजातीचं नाव बेततं तो) करायची चूक नको.

नाव ठरवायची घाई मात्र अजिबात करू नकोस. जवळच्या प्रजातींचे मूळ नमुने संग्रहालयात स्वतः पाहा. नाव प्रसिद्ध करताना नामधारक नमुना कुठल्या संग्रहात ठेवलाय ते लिहावंच लागतं.