त्या चेहऱ्याचे ऐंशी लाख

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. दिंडोरीचे तुझे मामा तुझ्या सिनेमात पैसे घालायला तयार आहेत, पण त्यांना ओळखीचा चेहरा हवा. आणि ज्या नटाकडे तुम्ही गेलात त्याने तीन कोटींच्या सिनेमात ऐंशी लाख मागितले. तू चिडून विचारलं आहेस, की पंधरा दिवसांच्या कामाचे ऐंशी लाख, आणि हिंदीत तर साठ-साठ कोटी, एवढी लायकी असते का कुणाची?

कष्टांच्या मापाने बघितलंस तर नसते. पण नटाला मोठा पैसा कष्टांचा मिळतच नाही. तो मिळतो शुक्रवारी पहिल्या खेळाला खुर्च्या भरण्याचा. तू कालिदास कलामंदिरात जी एकांकिका केलीस, तिला नाट्यगृहात मावतील तेवढीच माणसं येणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा पैसे हवे असतील तर पुन्हा घाम गाळायचा. सिनेमातला नट एकदा काम करतो, मग ते हजार जणांनी बघितलं काय आणि कोटी जणांनी बघितलं काय, त्याला वेगळी मेहनत पडत नाही. शेरविन रोझेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९८१ मध्ये हेच मांडलं: एकाच कामाच्या लाखो प्रती निघू शकतात तिथे, दुसऱ्यापेक्षा थोडासाच सरस असलेला माणूसही कितीतरी पट जास्त कमावतो. अन्याय वाटतो, पण बाजार असाच चालतो.

पूर्वीपासून असंच होतं असं मात्र नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांनी १९१३ मध्ये पहिला चित्रपट केला तेव्हा तारामती झाले ते उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके. दहा रुपये पगारावरून पंधरा रुपयांवर आणलं, असं सांगतात. त्याच साळुंक्यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. लोकांनी गर्दी केली ती पडद्यावरच्या चमत्काराला. पुढे प्रभातसारख्या कंपन्यांत नट महिन्याच्या पगारावर असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काळ्या बाजारातला पैसा सिनेमात शिरला, नवे निर्माते आले, त्यांच्याकडे ना स्टुडिओ होता ना नाव. म्हणून त्यांनी नटांची नावं विकत घ्यायला सुरुवात केली. सिनेधंद्याची चौकशी करायला सरकारने नेमलेल्या स. का. पाटील समितीने १९५१ च्या अहवालात या पद्धतीवर बोट ठेवलं होतं. म्हणजे ज्याच्याकडे दुसरं काही नसतं तो चेहरा विकत घेतो. तुझ्याकडे दुसरं काही आहे की नाही, हे आधी तू ठरव.

आता हिशेब मांडू. जीएसटी वजा जाता तिकीट दोनशे रुपयांचं धर. मल्टिप्लेक्सकडून पहिल्या आठवड्यात साधारण निम्मे, म्हणजे शंभर रुपये वितरकाकडे येतात. पुढच्या आठवड्यांत हा वाटा घटत जातो. नटाचे साठ कोटी फक्त तिकिटांतून काढायचे तर साठ लाख तिकिटं हवीत. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४.८६ लाख होती. अशी चार नाशिकं, तान्ह्या बाळासकट, थिएटरात बसवावी लागतील. तीही केवळ त्याचं मानधन फेडायला.

ओटीटी आणि सॅटेलाइटच्या, म्हणजे टीव्हीवर दाखवायच्या, हक्कांनी यातला बराच भार उचलला, हे खरं. करोनानंतर ओटीटीवाल्यांनी मोठमोठे आकडे दिले आणि मानधनं त्या आकड्यांवर चढली. पुढे त्यांनी हात आखडता घेतला, मानधनं मात्र खाली यायला तयार नाहीत. ३५ कोटी मागणाऱ्यांच्या सिनेमाचं ओपनिंग, म्हणजे पहिल्या दिवसाचा गल्ला, साडेतीन कोटी असतं, ही तक्रार करण जोहर यांनी २०२४ मध्ये जाहीरपणे केली. धंद्यातल्या माणसानेच हे म्हणावं, यात सगळं आलं.

अभ्यासकांनीही हे तपासलं आहे. डी व्हॅनी आणि वॉल्स या दोन अर्थतज्ज्ञांनी १९८४ ते १९९६ या काळातले दोन हजारांवर हॉलिवूडपट तपासले. १९९९ मध्ये त्यांनी लिहिलं, की मोजके अपवाद सोडले तर नटाच्या नावावरून चित्रपट चालेल की पडेल हे सांगता येत नाही. हार्वर्डच्या अनिता एल्बर्स यांना २००७ मध्ये दिसलं, की मोठ्या नटामुळे गल्ला वाढतो, पण चित्रपट काढणाऱ्या कंपनीच्या मूल्यात त्यामुळे भर पडल्याचं दिसत नाही. म्हणजे नट जे आणतो ते बहुतेक तोच घेऊन जातो. माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

पण चेहरा काहीच करत नाही असं म्हणू नकोस. मी इतकी वर्षं नाशिकच्या थिएटरांत आणि वितरकाच्या ऑफिसात काढली, आणि तिकिटाच्या खिडकीवर एक गोष्ट कायम बघितली. शुक्रवारी लोक नटाचं नाव घेऊन तिकीट मागायचे, अमक्याचा लागलाय ना, चार द्या. सोमवारी नाव कुणी घेत नसे. पैसे पुढे करायच्या आधी खिडकीत वाकून विचारायचे, “कसा आहे हो?” नटाची किंमत शुक्रवार ते रविवार, एवढीच. मराठी सिनेमाला शोच मिळत नाहीत, आणि मल्टिप्लेक्सचा माणूस पहिलाच प्रश्न विचारतो, “कोण आहे त्यात?” त्या प्रश्नाला उत्तर असलं की सकाळी नऊऐवजी संध्याकाळी सातचा शो मिळू शकतो. याला किंमत आहे आणि ती द्यायला हवी.

मात्र ती गर्दी दुसऱ्या वाटेनेही येते. २०१६ मध्ये ‘सैराट’मधले दोघेही नवे होते आणि शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. पण नवे चेहरे घेतले म्हणून तो चालला, असा अर्थ काढू नकोस. अजय-अतुलची गाणी महिनाभर आधीपासून लग्नाच्या वरातीत वाजत होती, आणि नागराज मंजुळे हे नाव ‘फँड्री’पासून लोकांना माहीत होतं.

तुझ्या सिनेमाचं गणित असं. तिकीट दीडशे, वाटा पंचाहत्तर. ऐंशी लाखांना एक लाख सहा हजारांहून जास्त तिकिटं. आणि हे प्रेक्षक असे हवेत, की तो नट नसता तर आले नसते. त्याचा मागचा सिनेमा पहिल्या तीन दिवसांत किती चालला, हे वितरकाकडून काढ. त्याच्या फॉलोअर्सचा आकडा बघू नकोस, रील बघणारा माणूस तिकीट काढतोच असं नाही.

त्याला सरळ सांग: वीस-पंचवीस लाख कामाचे, टप्प्याटप्प्याने; उरलेला पैसा खर्च वसूल झाल्यावर हिश्शातून. आमीर खान अनेक वर्षं नफ्यातला वाटा घेऊन काम करतात, तेव्हा यात कुणाला कमीपणा नाही. तो निर्मात्याच्या हिशेबावर विश्वास ठेवणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. या धंद्यात नफा कागदावर कधी दिसतच नाही. म्हणून वसुलीचं बँक खातं वेगळं ठेव, कोणता खर्च आधी वजा होणार ते करारात एकेक लिही, त्याच्या सीएला वह्या बघू दे. प्रमोशनला किती दिवस देणार तेही लिहून घे. व्हॅनिटी व्हॅन, मेकअपवाला, ड्रायव्हर, हॉटेल हे सगळं त्याच्याच रकमेत. माझ्या नावावर गर्दी होते असं जो मनापासून मानतो, तो हिस्सा घ्यायला तयार होतो. तयार नसेल, तर स्वतःच्या ओपनिंगवर त्याचा स्वतःचाच विश्वास नाही, असं मी समजेन.

मामांशी तूच बोल. द्राक्षबागेतल्या माणसाला छाटणीपासूनचा खर्च आणि माल निघाल्यावरचा पैसा यातला फरक शिकवावा लागत नाही. त्यांना बजेटचा कागद दाखव: ऐंशी लाख आधीच गेले तर शूटिंगचे तीस दिवस वीसवर येतात, साउंडवर काटकसर होते, एडिटरला घाई होते. आणि लाइटवाले, स्पॉटदादा, मेकअपच्या मुली यांचे पैसे तीन-तीन महिने लटकतात. पोरा, याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं. पहाटे चारला जनरेटर ओढणाऱ्याला “पेमेंट पुढच्या आठवड्यात” हे ऐकावं लागतं, कारण त्याचा पैसा एका सहीवर आधीच गेलेला असतो. तुझ्या सेटवर हे व्हायला नको. रोजंदारीवाल्यांच्या पगाराची रक्कम पहिल्या दिवशीच बाजूला काढ, आणि नटाशी बोलायला जाशील तेव्हा ती बजेटमध्ये धरूच नकोस.

तो नाही म्हणाला तर राज्य नाट्य स्पर्धेत तुझ्याबरोबर काम केलेल्या दोघांची स्क्रीन टेस्ट घे आणि गाण्यांचं बजेट दुप्पट कर. कराराचा मसुदा सहीआधी मला पाठव, त्यातली वसुलीची कलमं मी वाचून देतो.

तुझा,
काका