अमेरिकेत सगळ्यात लोकप्रिय खेळ कोणता? नव्याने जाणाऱ्याने कोणता बघावा?

फुटबॉल. अर्थात त्यांचा, हाताने चेंडू घेऊन धावायचा; त्यांची व्यावसायिक लीग म्हणजे एनएफएल. यात वाद घालण्यासारखं काही उरलेलं नाही. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने 2023 च्या अखेरीस लोकांना विचारलं तेव्हा बघायला सगळ्यात आवडता खेळ म्हणून 41 टक्के लोकांनी फुटबॉल सांगितला, 10 टक्क्यांनी बेसबॉल आणि 9 टक्क्यांनी बास्केटबॉल. त्याच वर्षी अमेरिकन टीव्हीवर सगळ्यात जास्त पाहिल्या गेलेल्या 100 प्रक्षेपणांपैकी 93 एनएफएलचे सामने होते. 2025 चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, साडेबारा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं.

पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "बेसबॉल आता म्हाताऱ्यांचा खेळ झालाय, त्यात वेळ घालवू नको असं सगळे सांगतात." ते वाचलं आणि राहवलं नाही. न्यू जर्सीत एडिसनला राहणारे माझे धाकटे दीर गेली कित्येक वर्षं दर दिवाळीला हेच वाक्य ऐकवतात. "वहिनी, बेसबॉल संपला, तुम्ही अजून कुठे अडकलाय?" त्यांना जे सविस्तर सांगायचं राहून गेलंय ते तुम्हाला सांगते.

मी लग्न होऊन 1996 साली पिट्सबर्गला आले. एच-4 व्हिसा, म्हणजे नोकरी करायला बंदी. नवरा आठवडाभर क्लायंटच्या गावी आणि मला गाडी येत नव्हती. आमच्या ग्रीनफील्ड वस्तीत टेकडीच्या उतारावर एकाला एक लागून घरं होती. शेजारी एक आजोबा राहायचे. नदीपलीकडच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, 1986 साली तो बंद पडला तेव्हापासून घरीच. एप्रिल ते सप्टेंबर रोज संध्याकाळी ते पोर्चवर रेडिओ लावून पायरेट्सची, म्हणजे पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाची, मॅच ऐकत बसायचे. रेडिओवरचा बेसबॉल ही पिट्सबर्गचीच देणगी आहे. पहिलं प्रक्षेपण 5 ऑगस्ट 1921 ला इथल्याच केडीकेए केंद्राने फोर्ब्स फील्डवरून केलं.

मी आमच्या पायरीवर घेवडा मोडत बसायचे. एक दिवस त्यांनी विचारलं, क्रिकेट म्हणजे असंच काहीतरी ना? तिथून सुरुवात झाली. मांडीवर स्कोअरची वही, कानामागे पेन्सिल. प्रत्येक जागेला आकडा असतो. शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने (आकडा 6), चेंडू उचलून पहिल्या बेसला (आकडा 3) फेकला आणि गडी बाद झाला की चौकटीत 6-3. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, चकवून बाद केलं की ‘के’, आणि बॅट न फिरवता नुसता बघत बाद झाला तर तोच ‘के’ उलटा. आठवड्याभरात त्यांनी वही माझ्याकडे दिली. म्हणाले, "पोरी, माझे डोळे आता साथ देत नाहीत, तू लिही."

1997 चा पायरेट्सचा संघ म्हणजे गरिबाचा संसार. सबंध टीमचा पगार मिळून शिकागो व्हाइट सॉक्सच्या एकट्या अल्बर्ट बेलच्या पगाराहून कमी होता. तरी त्या उन्हाळ्यात ती पोरं ह्यूस्टनच्या तोडीस तोड खेळत होती. 12 जुलैच्या शनिवारी थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये ह्यूस्टनशीच मॅच होती. पायरेट्सकडून फ्रान्सिस्को कॉर्डोव्हा टाकत होता. सहावी-सातवी इनिंग आली आणि आजोबा बोलेनासे झाले. ह्यूस्टनच्या बाजूला एकही हिट नाही, म्हणजे फटका मारून कुणी बेस गाठलेला नाही, हे मला वहीत दिसत होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. नो-हिटर, म्हणजे असा एकही हिट न दिलेला सामना, चालू असताना त्याचं नाव काढायचं नसतं. मला कारण विचारावं लागलं नाही. सचिन नव्वदीत पोचला की आमच्या डोंबिवलीच्या घरात कुणाला जागेवरून उठायची परवानगी नसे.

ठरलेल्या नऊ इनिंग झाल्या आणि 0-0, कारण पायरेट्सनाही धाव काढता आली नव्हती. दहावी रिकार्डो रिंकॉनने टाकली, त्यातही हिट नाही. मग पायरेट्सचे दोन गडी बेसवर असताना मार्क स्मिथ बदली फलंदाज म्हणून आला आणि त्याने होम रन मारला. 3-0. समालोचक लॅनी फ्रॅटारेचा आवाज रेडिओतून येतोय आणि त्याच क्षणी उतारावरच्या सगळ्या पोर्चमधून एकदम ओरडा. तोवर मला वाटत होतं की आपण दोघंच ऐकतोय. अख्खी गल्ली ऐकत होती. दुसऱ्या दिवशी समोरच्या बाई पेपर घेऊन आल्या. तोपर्यंत मान हलवण्यापलीकडे त्यांनी ओळख दाखवली नव्हती. त्यांना माझी वही बघायची होती.

बेसबॉल मेला असं म्हणणाऱ्याला मी म्हणूनच विचारते की लोकप्रियता नेमकी कशात मोजताय? सुपर बोल म्हणजे वर्षातून एक रात्र. बेसबॉल सहा महिने रोज संध्याकाळी असतो, 162 सामने. 2024 च्या हंगामात लोकांनी सात कोटींहून जास्त वेळा गेट ओलांडलं. एनएफएलचा आकडा दोन कोटींच्याही आत असतो. भाऊजी लगेच म्हणतात, तुमचे सामने जास्त म्हणून. बरोबर आहे, पण रोज सामने ठेवूनही लोक येतात, हेच मी सांगतेय.

फुटबॉल पुढे गेला त्याचं श्रेय मी त्याला मनापासून देते, कारण त्यांनी पैशाचं गणित नीट बसवलं. 1948 साली गॅलपला 39 टक्के लोकांनी बेसबॉल सांगितला होता आणि 17 टक्क्यांनी फुटबॉल. 1961 च्या कायद्याने लीगला सगळ्या संघांचे टीव्ही हक्क एकत्र विकता आले आणि तो पैसा सारखा वाटला गेला. म्हणून जेमतेम लाखभर वस्तीचं ग्रीन बे न्यूयॉर्कसमोर टिकून आहे. 1994 पासून पगारावर कमाल मर्यादाही आली. बेसबॉलला अशी मर्यादा आजही नाही, श्रीमंत शहराचा संघ चांगले खेळाडू विकत घेतो आणि पिट्सबर्गने हात चोळत बसायचं. 1994 मध्ये याच पगाराच्या भांडणात संप झाला आणि बेसबॉलची अंतिम मालिका, वर्ल्ड सिरीज, रद्द झाली. आजोबांनी मालकांना त्याबद्दल शेवटपर्यंत माफ केलं नाही. शिवाय फुटबॉलचे 17 च सामने, त्यामुळे प्रत्येक रविवार सणासारखा. टीव्हीला आणखी काय हवं?

‘बेसबॉल संथ आहे’ ही तक्रार मात्र मी ऐकून घेत नाही. वॉल स्ट्रीट जर्नलने घड्याळ लावून मोजलं होतं. तीन तासांच्या एनएफएल सामन्यात प्रत्यक्ष खेळ 11 मिनिटांच्या आसपास, बेसबॉलमध्ये 18 च्या. आणि 2023 पासून पिचरवर घड्याळ लावलंय, सरासरी सामना तेव्हापासून दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास संपतो.

आणखी एक. आमच्या मुलाला मी शाळेत फुटबॉल खेळू दिला नाही. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही पोराला घाबरट करताय." पिट्सबर्गच्या स्टीलर्स या फुटबॉल संघाचा खेळाडू माइक वेबस्टर 2002 मध्ये वयाच्या 50 व्या वर्षी गेला. त्याच्या मेंदूची तपासणी आमच्याच शहरात डॉ. बेनेट ओमालू यांनी केली, आणि डोक्यावरच्या सततच्या माराने मेंदूचं काय होतं ते तिथून जगासमोर आलं. हे माहीत असताना मी पोराला मैदानात ढकललं नाही, आणि आजही ढकलणार नाही.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी. प्रत्येक सामन्याची गर्दी धरली तर फुटबॉलच भारी. 2023 च्या वर्ल्ड सिरीजला सरासरी एक कोटीही प्रेक्षक मिळाले नाहीत. जॅकी रॉबिन्सनने 1947 मध्ये कृष्णवर्णीयांसाठी दार उघडलं त्या खेळात आज कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडू फार थोडे उरलेत, याचं मला वाईट वाटतं. तरुण मुलं एनबीएकडे, म्हणजे बास्केटबॉलकडे, जास्त ओढली जातात, तिथे संघापेक्षा खेळाडू मोठा असतो. आणि तुम्ही कुठल्या शहरात जाताय ते लिहिलेलं नाही. अलाबामात जात असाल तर तिथे एनएफएलचा संघच नाही, सगळा जीव कॉलेज फुटबॉलमध्ये. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. व्यावसायिक खेळांचीच तुलना केलीत तर हे सगळं हातातून निसटेल.

सोमवारी ऑफिसात दोन वाक्यं बोलता येतील एवढा फुटबॉल जरूर बघा, त्याला इलाज नाही. एप्रिल उजाडला की मधल्या वारी संध्याकाळी वरच्या मजल्याचं स्वस्त तिकीट काढा आणि एकटेच जा. क्रिकेट बघणाऱ्याला दोन इनिंगमध्ये खेळ कळतो. शेजारच्याला विचारा की हा पिचर अजून किती टाकेल. तो पुढचे दोन तास बोलेल, तुमचं गाव विचारेल. फुटबॉलच्या गोंगाटात ही उसंत मिळत नाही.

एडिसनहून न्यूयॉर्कचं बेसबॉलचं यांकी स्टेडियम काही फार लांब नाही, पण भाऊजींनी तिथे पाऊल ठेवलेलं नाही. मे महिन्यात ते सहकुटुंब आमच्याकडे येताहेत. पायरेट्सच्या मैदानाची, पीएनसी पार्कची तिकिटं मी काढून ठेवली आहेत, पहिल्या बेसच्या बाजूची, आणि वही त्यांच्या हातात देणार आहे.