खुर्ची कोणाची रिकामी झाली ते बघा

प्रश्न : अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात एक जज बदलला की एवढा गदारोळ का होतो? आपल्याकडे तर कोण आलं कोण गेलं पत्ताही नसतो.

उत्तर : आपलं सुप्रीम कोर्ट बहुतेक केसेस दोन-तीन जजच्या बेंचवर चालवतं आणि ६५ ला निवृत्ती ठरलेली. तिकडे नऊच्या नऊ एकत्र बसतात आणि नेमणूक तहहयात, त्यामुळे कोण आलं यापेक्षा कोणाच्या जागी आलं ते आधी बघायचं. २०१७ ला गोर्सच आले ते स्कालियांच्या जागी, दोघंही कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे परंपरावादी, काटा जागचा हलला नाही. २०२२ ला ब्रायर निवृत्त झाले नि केतनजी ब्राउन जॅक्सन आल्या, पहिल्या कृष्णवर्णीय महिला जज, पण दोघंही लिबरल म्हणजे उदारमतवादी, मतांचं गणित तेच.

खरी उलथापालथ २०२० ची. लिबरल जज गिन्सबर्ग १८ सप्टेंबरला वारल्या आणि २६ ऑक्टोबरला, निवडणूक तोंडावर असताना, रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने (प्रेसिडेंटने नेमलेल्या जजला मंजुरी देणारं सभागृह) ट्रम्पनी नेमलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह एमी कोनी बॅरेटना ५२-४८ ने मंजुरी दिली. (याच पक्षाच्या सिनेटने २०१६ मध्ये ओबामांच्या उमेदवाराला निवडणुकीचं वर्ष आहे म्हणून सुनावणीसुद्धा दिली नव्हती, असो.)

आता याचा परिणाम बघा. जून २०२० मध्ये लुइझियानाचा गर्भपात क्लिनिकांच्या डॉक्टरांना जाचक अटी घालणारा कायदा ५-४ ने उडाला, कारण चीफ जस्टिस रॉबर्ट्स चार लिबरल जजसोबत गेले, म्हणाले टेक्ससच्या तशाच केसमध्ये २०१६ ला निकाल झालाय, मला तो पटला नव्हता पण पाळायला हवा. दोन वर्षांनी मिसिसिपीच्या गर्भपातबंदी कायद्याची केस आली, रॉबर्ट्सनी परत मधला रस्ता काढला की हा कायदा राहू द्या पण १९७३ च्या रो निकालाला, म्हणजे गर्भपाताचा हक्क देणाऱ्या निकालाला, हात लावू नका, पण आता त्यांना विचारतो कोण, त्यांच्याशिवायच पाच जण जमले होते! २४ जून २०२२ ला रो गेला. मधल्या काळात खुर्ची एकच बदलली होती, गिन्सबर्गची.

प्रश्न : म्हणजे जज नेमणाऱ्या प्रेसिडेंटच्या ताटाखालचं मांजरच?

उत्तर : तसं नाही हो. थोरल्या बुशनी १९९० मध्ये नेमलेल्या साउटरनी दोनच वर्षांनी रो वाचवायला मत दिलं, तेव्हापासून रिपब्लिकन लोक ‘आता परत साउटर नको’ म्हणत उमेदवाराचे जुने निकाल खोदून काढायला लागले. तरी ट्रम्पनी नेमलेल्या गोर्सचनीच २०२० मध्ये लिहिलं की समलिंगी किंवा ट्रान्स आहे म्हणून कामावरून काढणं बेकायदा.

प्रश्न : नवीन जजला तिथे ज्युनिअर म्हणून वागवतात का?

उत्तर : मताची किंमत चीफइतकीच. पण बंद खोलीतल्या चर्चेला जजशिवाय कोणीच नसतं, त्यामुळे दारावर टकटक झाली की उठून दार उघडायचं काम सगळ्यात नव्या जजचं, बोलायची पाळीही शेवटची, आणि कॅन्टीनच्या कमिटीवरही त्यालाच बसवतात. एलेना केगननी त्या कमिटीवर असताना फ्रोझन योगर्टचं मशीन बसवून घेतलं होतं.