फोंड्याजवळचं वडिलोपार्जित घर आत्ताच विकावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: म्हार्दोळजवळ आजोबांनी बांधलेलं कौलारू घर, भोवती धरून 600 चौरस मीटर जागा. आई गेल्यापासून दोन वर्षं कुलूप आहे. तुम्ही पुण्यात, बहीण मडगावला, धाकटा भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात, स्विंडनला. दलाल सारखा फोन करून सांगतो की गोव्यात भाव कधी नव्हे इतके चढलेत, हीच वेळ. विकावं की थांबावं?

मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि वीसेक वर्षं फोंडा, तिसवाडी, डिचोली या भागांत बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करतो. गिऱ्हाईक कर्जाचा अर्ज करतं तेव्हा बँक मला टेप घेऊन पाठवते. त्यामुळे मालकानं मागितले किती आणि सौदा झाला कितीला, हे दोन्ही मला दिसतं. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी भावाचं बोलू, कारण दलालानं तुम्हाला घाई तिथेच लावली आहे. तो ज्या भावांच्या गोष्टी सांगतो ते बहुतेक बार्देशच्या किनाऱ्याचे आणि पेडण्याचे असतात. 2020 नंतर घरून काम करायची सोय झाली तशी दिल्ली, मुंबई, बंगळूरची मंडळी आसगाव, शिवोली, हणजूण या गावांत दुसरं घर घ्यायला आली. जुनं घर घ्यायचं, दुरुस्त करायचं, पर्यटकांना भाड्यानं द्यायचं, हा तिथला धंदाच झाला. पुढे जानेवारी 2023 पासून मोपाहून विमानं उडू लागली आणि मोरजी, मांद्रेच्या जमिनींची चौकशी वाढली. तिथला खरेदीदार बहुतेक वेळा कर्जाशिवाय येतो, आणि त्याला आवडलं तर तो भावात फार घासाघीस करत नाही.

आपल्या फोंडा तालुक्यातलं गिऱ्हाईक वेगळं. इथे घर घेणारा माणूस कुंडई नाहीतर मडकईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असतो, फर्मागुडीला कॉलेजात शिकवतो, किंवा पणजीला सरकारी कचेरीत असतो. तो राहायला घर घेतो आणि वीस वर्षांचं कर्ज काढतो. त्याच्या पगाराला जेवढा हप्ता झेपतो तेवढाच भाव इथे मिळतो. आसगावचा भाव मनात धरून बसलात तर घर दोन पावसाळे तसंच पडून राहील, आणि बरेच दिवस विक्रीला असलेलं घर दिसलं की गिऱ्हाईक आपोआप पाडून मागतं.

खरा भाव हवा असेल तर जाहिराती बघू नका. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतून तुमच्याच गावातल्या गेल्या वर्षभरातल्या दोन-तीन विक्रीखतांच्या प्रती काढा. शिवाय जागा कुठल्या झोनमध्ये आहे त्याचा दाखला नगरनियोजन खात्यातून घ्या. प्रादेशिक आराखड्यात गावांचे वर्ग आहेत: वस्तीच्या झोनमध्ये व्हीपी-वन गावाला 80 एफएआर (जागेच्या किती टक्के बांधकाम करता येतं तो आकडा), व्हीपी-टू गावाला 60. म्हणजे तुमच्या 600 मीटरवर एका ठिकाणी 480 चौरस मीटर बांधता येईल, दुसऱ्या ठिकाणी 360. पाडून नवं बांधणारा माणूस याच आकड्यावर भाव ठरवतो. जागा पणजी-फोंडा महामार्गाला लागून असेल तर रुंदीकरणाची रेषाही पाहून घ्या. भोममध्ये त्या रुंदीकरणावरून किती वर्षं वाद चाललाय ते तुम्हाला ठाऊक असेलच.

आता खरा मुद्दा. हे घर आज कोणाचं आहे?

तुम्ही म्हणाल, आमचं तिघांचं. पण घर आजोबांचं म्हणता, मग मोजणी तुमच्या तिघांपासून सुरूच होत नाही. आजोबांना मुलं किती? काका, आत्या किती? त्यांच्या हिश्शांचं पुढे काय झालं, ते नोंदणी केलेल्या कागदावर आहे का? गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून मुलीचा हिस्सा मुलाइतकाच धरला जातो, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, वारशानं आलेली धरून. म्हणून विक्रीखतावर बहिणीच्या यजमानांची सही लागते, भावाच्या बायकोची लागते. तुमचं लग्न गोव्याबाहेर झालं असेल तर तुमच्या पत्नीच्या सहीबद्दल वकिलाचं लेखी मत घ्या.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमचं स्वतःचं जुनं घर विकताना आम्ही इथेच अडकलो. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबाराच म्हणा) फक्त वडिलांचं नाव होतं, म्हणून आम्ही निर्धास्त. मी रोज दुसऱ्यांची कागदपत्रं तपासणारा माणूस, पण आपल्या घराची मी कधी तपासलीच नाहीत. गिऱ्हाईक मिळालं, चांगला शिक्षक माणूस, त्यानं इसाराची रक्कमही दिली. बँकेच्या वकिलानं विचारलं, की सर्व्हे झाला तेव्हा तुमचे आजोबा हयात होते का? नव्हते. सर्व्हे करणारे 70 च्या दशकात दारात आले तेव्हा घरी वडील होते, म्हणून उताऱ्यावर त्यांचं नाव चढलं. एक-चौदावरचं नाव कब्जा दाखवतं, मालकी सिद्ध करत नाही. वडिलांच्या दोन बहिणींनी हिस्सा सोडल्याचा एकही कागद नव्हता. धाकटी आत्या वारलेली, तिची पाच मुलं पाच गावांना. थोरली आत्या 84 वर्षांची. तिला मुलानं उचलून जिना चढवून कचेरीत आणलं. अंगठा उमटवताना तिनं एवढंच विचारलं, "माझ्या भावाचं घर ना हे? मग मला कशाला विचारता?" या सगळ्यात अडीच वर्षं गेली. शिक्षकाचं कर्ज मंजूर झालं होतं ते रद्द झालं, आणि इसार आम्ही परत केला. घर पुढे दुसऱ्याला गेलं, कमी भावानं.

म्हणून दलालाला फोन करण्याआधी हे करा. एक-चौदाचा ताजा उतारा आणि सर्व्हे प्लॅन काढा. घरात जुनी पत्र्याची पेटी असेल तर ती उघडा आणि मात्रीसचे (पोर्तुगीज काळातल्या घरपट्टी-जमीन कराच्या नोंदीचे) कागद, जुन्या नोंदणी कचेरीतला जमिनीच्या वर्णनाचा क्रमांक, पोर्तुगीजमधली दस्तऐवजं, सगळं वकिलापुढे ठेवा. पोर्तुगीज कागद वाचता येत नाही म्हणून कोणी बाजूला टाकू नका, मालकीचं मूळ बहुतेक वेळा त्यातच असतं. याच जुन्या कागदांच्या बनावट प्रती करून लोकांच्या जमिनी लाटल्या गेल्या, म्हणून सरकारला 2022 मध्ये विशेष तपास पथक आणि चौकशी आयोग नेमावा लागला. कुलूप लावलेलं, मालक परगावी असलेलं घर अशा लोकांना सोयीचं. तुम्ही विका अथवा ठेवा, उतारा वर्षातून एकदा पाहत चला.

वारस कोण यावर सगळ्यांचं एकमत असेल तर सब-रजिस्ट्रारपुढे उत्तराधिकाराचा दस्त होतो, जाहीर नोटीस निघते, मग म्युटेशन करून नावं चढवता येतात. वाटणीवर एकमत नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे वारस आणि मालमत्ता यांची यादी करून न्यायालयामार्फत वाटणी. डिसेंबर 2016 पासून हे सगळं 2012 च्या वारसा कायद्याखाली चालतं. इन्व्हेंटरीचं नाव ऐकून लोक घाबरतात, पण तिच्यात एक चांगली सोय आहे: वारसांमध्येच बोली लागते आणि ज्याला घर राखायचं आहे तो बाकीच्यांना पैसे देऊन ते घेऊ शकतो. तुमच्या बहिणीला घर जावंसं वाटत नाही, असं तुम्ही प्रश्नात ओझरतं लिहिलंय. ते वाक्य मी दोनदा वाचलं. परक्या गिऱ्हाइकाआधी तिला विचारा.

उताऱ्यावरचा इतर हक्कांचा रकानाही सोडू नका. तिथे कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) असेल तर तो हक्क मिटवल्याशिवाय कोणतीही बँक कर्ज देणार नाही. आपल्या देवळांच्या गावांत आणखी एक गोष्ट निघते: घर आपण बांधलेलं, पण जमीन देवस्थानाची नाहीतर कोमुनिदादची, म्हणजे गावकरी संस्थेची. तसं असेल तर तुम्ही काय विकू शकता हेच बदलतं. आणि घर 1972 आधीचं असेल तर ते सर्व्हे प्लॅनवर उमटलंय का ते बघा. परवानगीचे कागद हरवलेल्या जुन्या घराला तोच मोठा आधार. मागे नंतर वाढवलेली न्हाणी किंवा पडवी प्लॅनवर नसेल, तर ते गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

कराचं गणित लोक शेवटी करतात आणि मग हात कपाळाला लावतात. 23 जुलै 2024 पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, महागाईची सवलत न धरता. त्याआधी मिळालेल्या घर-जमिनीला, आणि तेही भारतात राहणाऱ्यांना, जुना पर्याय मोकळा आहे: महागाई निर्देशांक लावून 20 टक्के. दोन्ही करून बघावं लागतं. समजा 2001 मध्ये तुमच्या घराची किंमत 8 लाख होती आणि 2025-26 मध्ये ते 1 कोटी 20 लाखांना गेलं. निर्देशांक 376 (2001 चा 100 धरून), म्हणजे किंमत धरायची 30 लाख 8 हजार, नफा जवळपास 90 लाख, कर सुमारे 18 लाख. साध्या हिशोबानं नफा 1 कोटी 12 लाख, कर 14 लाख. इथे साडेबारा टक्केच बरे. पण 2010-11 मध्ये 20 लाखांना घेतलेला फ्लॅट 70 लाखांना गेला तर उलटं होतं: निर्देशांक लावून कर 5 लाखांच्या आत, साध्या हिशोबानं सव्वासहा लाख. (सेस, अधिभार वेगळे.) वडिलोपार्जित घरासाठी 1 एप्रिल 2001 च्या किमतीचा अहवाल नोंदणीकृत मूल्यांककाकडून करून घ्या, आणि तो घर पाडण्याआधी घ्या. पाडलेल्या घराचा अहवाल मागायला लोक माझ्याकडे येतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

गोव्याच्या कायद्याखालच्या जोडप्यांचा हा नफा नवरा-बायकोत अर्धा-अर्धा धरतात, हे बाहेरच्या सीएला बरेचदा माहीत नसतं. तुमच्या पुण्याच्या सीएला तेवढं आवर्जून सांगा. दोन वर्षांत दुसरं घर घेतलंत किंवा तीन वर्षांत बांधलंत तर करातून सूट मिळते. रोख रकमेला मात्र अजिबात हो म्हणू नका. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्यावर रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला.

भावाचं प्रकरण वेगळं चालवा. तो अनिवासी, त्यामुळे खरेदीदार त्याच्या हिश्शावर एक टक्का नाही, साडेबारा टक्के आणि वर अधिभार-सेस असा कर कापेल, आणि सहसा नफ्यावर न कापता पूर्ण रकमेवर कापतो. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधीच काढला तर पैसे अडकत नाहीत. त्याचा पॅन चालू आहे ना, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) आहे ना, ते विचारा. तो येऊ शकत नसेल तर तिथल्या नोटरीपुढे मुखत्यारपत्र करून त्यावर अपॉस्टिल (परदेशात चालावं म्हणून तिथलं सरकार देतं तो शिक्का) घ्यावं आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा. मुखत्यारपत्रात हेच घर, हाच सर्व्हे नंबर लिहा. "माझी सगळी मालमत्ता" असं मोघम लिहून कोणाला अधिकार देऊ नका.

दलालाला "मला इतके मिळाले की झालं, वरचे तुझे" असं कधी सांगू नका. असा नेट भाव ठरला की तो गिऱ्हाइकाला तुमच्यापासून लांब ठेवतो. ठरलेली टक्केवारी, लेखी, आणि गिऱ्हाइकाशी बोलणं तुमच्यासमोर.

विकावं का, याचं माझं मत सांगतो. पुढच्या पाच वर्षांत तिघांपैकी कोणीही तिथे राहणार नसेल आणि भाडेकरूही ठेवणार नसाल, तर विका. बंद घराचा भाव वाढत नाही, जमिनीचा वाढतो. घर मात्र दर पावसाळ्यात खाली येतं. मागच्या जुलैत कवळ्याला असंच एक घर मोजलं. चार कौलं सरकली होती, पाणी भिंतीच्या चिऱ्यांत मुरलं होतं आणि वाशाला हात लावला तर वाळवीची माती बोटांना लागली. मालकीण म्हणाली, "गेल्या चवथीला तर ठीक होतं हो." भाडेकरू ठेवायची तयारी असेल, करार नीट कराल आणि बहीण अधूनमधून फेरी मारेल, तर घाई नको.

आणि गणपती कुठे बसायचा, ते आत्ताच ठरवा. आमच्याकडे घर गेलं त्या वर्षी चवथीला कोणाच्या घरी जमायचं यावर भांडण झालं, ते पैशांवरून कधी झालं नव्हतं. या चवथीला तिघं जमणार असाल तर माटोळी बांधून झाल्यावर, जेवणं उरकल्यावर हा विषय काढा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिघं मिळून वकिलाकडे जा. भाऊ प्रत्यक्ष इथे असताना जेवढ्या सह्या होतील तेवढ्या करून घ्या.

आजोबांना एकूण मुलं किती आणि एक-चौदावर आज कोणाचं नाव आहे (नाव नको, नातं सांगा), एवढं इथे लिहा. त्यावरून उत्तराधिकाराचा दस्त पुरेल की इन्व्हेंटरी करावी लागेल, ते बरंचसं सांगता येईल.