इस्नर आठव्या क्रमांकापर्यंत कसा पोचला, आणि तिथेच का थांबला

तुमचे प्रश्न दोन आहेत. अमेरिकन टेनिसपटू जॉन इस्नरकडे उंची आणि सर्व्हिस सोडून काहीच नव्हतं, तरी तो जागतिक क्रमवारीत आठवा कसा झाला, हा पहिला. आणि तुमचा मुलगा सोळाव्या वर्षीच सहा फूट चार इंच झालाय, प्रशिक्षक म्हणतात 'बाकी सोड, सर्व्हिसवर भर दे', तर त्यांचं ऐकावं का, हा दुसरा. दुसऱ्याचं बरंचसं उत्तर पहिल्यातच सापडतं, त्यामुळे आधी इस्नर.

'काहीच नव्हतं' हे मला पटत नाही. पण लोक तसं का म्हणतात ते कळतं. सहा फूट दहा इंचांचा माणूस बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवर, उभा राहतो, दोन पायांच्या मधून चेंडू टप्पे मारत फिरवतो (ही त्याची कायमची सवय), वर फेकतो आणि समोरचा रॅकेट हलवायच्या आत पुढच्या कोर्टाकडे चालायला लागतो. हे तासभर बघितलं की उंची एवढी एकच गोष्ट डोक्यात राहते.

उंचीचा फायदा नेमका किती, ते एकदा कागदावर मांडून बघा. बेसलाइन जाळीपासून ११.८९ मीटर. जाळी मधोमध ९१ सेंटीमीटर. पलीकडची सर्व्हिस लाइन जाळीपासून ६.४० मीटर. रॅकेट चेंडूला साधारण आपल्या उंचीच्या दीडपट उंचीवर लागते असं धरू. म्हणजे १८० सेंटीमीटरच्या खेळाडूचा चेंडू २.७० मीटरवरून निघणार, इस्नरचा ३.१२ मीटरवरून. गुरुत्वाकर्षण आणि फिरकी क्षणभर बाजूला ठेवून मधोमध सरळ रेषा ओढा. पहिल्याचा चेंडू जाळीला घासून गेला तरी पलीकडे ६.०८ मीटरवर पडतो. त्याच्याकडे उरली जेमतेम फूटभर जागा. इस्नरचा तसाच चेंडू ४.९२ मीटरवर पडतो, म्हणजे त्याच्यापुढे जवळजवळ पाच फुटांचा पट्टा मोकळा आहे. प्रत्यक्षात चेंडू खाली येतो, टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला दिलेली पुढच्या दिशेची फिरकी, त्याला आणखी खाली ओढते, म्हणून तर ठेंगण्यांनाही सर्व्हिस करता येते. पण चुकण्याची मुभा कुणाला किती, हे या गणितात दिसतं. इस्नर जीव खाऊन मारू शकायचा, कारण त्याला जाळीची भीती कमी होती. शिवाय त्याची दुसरी सर्व्हिस टप्पा पडून समोरच्याच्या खांद्याच्या वर उसळायची. माझ्या मते त्याचं खरं हत्यार हीच दुसरी सर्व्हिस. पहिली जोरात मारणारे पुष्कळ झाले.

आता एवढ्यावरच काम भागत असतं तर इव्हो कार्लोविच पहिल्या दहात असता. तो इस्नरपेक्षाही एक इंच उंच, सर्व्हिस तितकीच भेदक. त्याने २००३ मध्ये विम्बल्डनच्या पहिल्याच फेरीत गतविजेत्या लेटन ह्युइटला हरवलं, तेही पात्रता फेरीतून येऊन, ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीतल्या पहिल्याच सामन्यात. तरी त्याची क्रमवारीतली मजल १४ पर्यंतच. (पुण्यातल्या २०१९ च्या स्पर्धेचा अंतिम सामना आठवत असेल अनेकांना. कार्लोविच ३९ वर्षांचा, समोर सहा फूट आठ इंचांचा केविन अँडरसन, आणि तिन्ही सेट टायब्रेकमध्ये, म्हणजे गेम ६-६ झाल्यावर गुण मोजून सेटचा निकाल लावतात त्यात. सर्व्हिसवर चालणारा सामना कसा असतो त्याचा तो शुद्ध नमुना होता.) कार्लोविचचा बॅकहँड म्हणजे बहुतेक वेळा नुसता स्लाइस, म्हणजे उलट्या फिरकीचा कापलेला फटका. इस्नरकडे त्याहून एक गोष्ट जास्त होती, ती म्हणजे फोरहँड. सर्व्हिसचा कसाबसा परतवलेला चेंडू अर्ध्या कोर्टात आला की पुढच्याच फटक्यात गुण संपवायचा, हे त्याला जमायचं. दोन फटक्यांत खेळ आटोपला की लांब पायांना पळावं लागत नाही. त्याच्या टेनिसची सगळी बांधणी या एका गोष्टीभोवती होती.

आणि ही बांधणी झाली कुठे, तर कॉलेजात. लोक हा भाग विसरतात. इस्नर अठराव्या वर्षी व्यावसायिक झाला नाही. जॉर्जिया विद्यापीठात चार वर्षं खेळला आणि २००७ मध्ये, बावीस वर्षांचा झाल्यावर बाहेर पडला. त्या वर्षी त्याच्या संघाने अमेरिकेचं आंतरविद्यापीठ विजेतेपद मिळवलं. एकेरीच्या अंतिम सामन्यात मात्र तो हरला, आणि हरवलं कुणी, तर आपल्या सोमदेव देववर्मनने. जॉर्जियाच्याच मैदानावर, तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये. सोमदेव त्याच्यापुढे जवळजवळ फूटभर कमी उंचीचा. पाय चपळ, चेंडू परतवण्यात चिवट. त्या दिवशी कुणी विचारलं असतं की या दोघांत व्यावसायिक टेनिसमध्ये पुढे कोण जाईल, तर मतं विभागली गेली असती. सोमदेव ६२ व्या क्रमांकापर्यंत गेला, जे आपल्याकडे फार थोड्यांना जमलंय. इस्नर आठव्या.

मग त्याच उन्हाळ्यातली वॉशिंग्टनची स्पर्धा. इस्नर तेव्हा क्रमवारीत ४१६ वा, वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांच्या खास मर्जीने, आत घेतलेला. पहिल्याच फेरीत टिम हेन्मन. तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये जिंकला. पुढची फेरी, पुन्हा तिसऱ्या सेटचा टायब्रेक, पुन्हा जिंकला. असे ओळीने पाच सामने, त्यात टॉमी हास आणि गेल मोंफिससुद्धा. अंतिम सामन्यात अँडी रॉडिकने थांबवलं. काही आठवड्यांनी अमेरिकन ओपनमध्ये त्याने तिसऱ्या फेरीत रॉजर फेडररकडून पहिला सेट घेतला, अर्थात टायब्रेकमध्ये, आणि मग पुढचे तीन गमावले.

याला नशीब म्हणणारे होते. पाच वेळा नाणं उडवून पाच वेळा छापा पडला, असं. मी तसं मानत नाही, आणि त्याचं कारणही आकड्यांतच आहे. समोरच्याच्या सर्व्हिसवर दहापैकी तीनच गुण मिळवणारा खेळाडू दहा गेममधून सरासरी एकच गेम फोडू, म्हणजे समोरच्याची सर्व्हिस असताना जिंकू, शकतो. हे संभाव्यतेचं सरळ गणित आहे, आणि इस्नरचा हिशेब आयुष्यभर साधारण असाच राहिला. म्हणजे नेहमीच्या सेटमध्ये तो रिटर्नला, समोरच्याची सर्व्हिस परतवायला, जवळजवळ पांगळा. पण टायब्रेकमध्ये गेम फोडावा लागत नाही. स्वतःच्या सर्व्हिसवरचे गुण सांभाळले तर समोरच्याच्या सर्व्हिसवरचा एक गुण पुरतो. दहापैकी तीन गुण मिळवणाऱ्याला तो एक कुठे ना कुठे सापडतोच. म्हणून तो सेट ६-६ पर्यंत रेटायचा. समोरच्याच्या सर्व्हिस गेममध्ये ४०-० झालं की चेंडूमागे धावायचा नाही, ऊर्जा राखून ठेवायचा. बघणाऱ्याला वाटायचं आळशी आहे. तो खर्चाचा हिशेब ठेवत होता.

त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. २००८ मध्ये तो शंभराच्या बाहेर घसरला. त्याच्याशी कसं खेळायचं ते एव्हाना सगळ्यांना कळलं होतं: चेंडू खाली ठेवा, पायाशी टाका, त्याला आडवं पळवा. २००९ मध्ये मोनोन्यूक्लिओसिस हा थकवणारा विषाणूजन्य आजार झाल्याने फ्रेंच आणि विम्बल्डन दोन्ही हुकल्या. तिथून परतून त्याने अमेरिकन ओपनमध्ये रॉडिकला पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरवलं, आणि २०१० च्या जानेवारीत ऑकलंडला पहिलं विजेतेपद मिळवलं. अंतिम सेट? टायब्रेक.

निकोलस माहूविरुद्धच्या २०१० च्या विम्बल्डन सामन्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं, त्यामुळे थोडक्यात. अकरा तास पाच मिनिटं, तीन दिवस, पाचवा सेट ७०-६८ (विम्बल्डनमध्ये तेव्हा पाचव्या सेटला टायब्रेक नसायचा). इस्नरच्या ११३ बिनतोड सर्व्हिस (एस, म्हणजे समोरच्याच्या रॅकेटला लागतही नाहीत अशा), माहूच्या १०३. स्कोअरबोर्ड ४७-४७ ला बंद पडला. दुसऱ्या दिवशी अंधारामुळे ५९-५९ वर थांबावं लागलं. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: पाचव्या सेटच्या १३८ गेमपैकी फक्त शेवटचा गेम सर्व्हिस करणाऱ्याने गमावला. आणि तो इस्नरने जिंकला बॅकहँडच्या पासिंग शॉटवर, म्हणजे ज्या बाजूला तो कच्चा समजला जायचा त्या बाजूने. पुढच्या फेरीत थिएमो द बाकरने त्याला ६-०, ६-३, ६-२ असं उडवलं. त्या सामन्यात इस्नरची एकही बिनतोड सर्व्हिस नव्हती. पाय संपले की उंचीचाही काही उपयोग होत नाही, कारण सर्व्हिसची ताकद खांद्यातून नाही, खालून येते.

२०१२ हे त्याचं चढाचं वर्ष. डेव्हिस चषकात स्वित्झर्लंडमध्ये, क्ले कोर्टवर फेडररला हरवलं. पाठोपाठ इंडियन वेल्सच्या उपांत्य फेरीत तेव्हाच्या अव्वल नोव्हाक जोकोविचला. तिथून पहिल्या दहात प्रवेश. क्ले त्याला जड जाईल असं सगळे म्हणायचे, पण संथ कोर्टावर चेंडू आणखी वर उसळतो आणि फोरहँडला वळायला वेळ मिळतो. आदल्या वर्षी फ्रेंच ओपनच्या पहिल्याच फेरीत त्याने राफाएल नदालला पाच सेटपर्यंत खेचलं होतं. त्या स्पर्धेत नदालवर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती.

मधली वर्षं झटकन सांगण्यासारखी आहेत. दहा ते वीसच्या आसपास मुक्काम, उन्हाळ्यात अटलांटा आणि न्यूपोर्ट. त्याच्या एकूण १६ विजेतेपदांपैकी १४ अमेरिकेतली, उरलेली दोन्ही ऑकलंडची. घरचं हवामान आणि घरची कोर्ट सोडून फार काही जिंकलं नाही, ही टीका खरीच आहे.

मग अचानक २०१८. वर्षाची सुरुवात इतकी वाईट की मायामीत त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिथे उपांत्य फेरीत हुआन मार्टिन देल पोत्रो, अंतिम सामन्यात अलेक्झांडर झ्वेरेव. पहिला सेट टायब्रेकमध्ये गमावला आणि पुढचे दोन्ही ६-४, ६-४ जिंकले, सर्व्हिस भेदून. बत्तीसाव्या वर्षी पहिलं मास्टर्स, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या खालोखाल मोठ्या स्पर्धांपैकी एकीचं विजेतेपद. त्याच जुलैमध्ये विम्बल्डनची उपांत्य फेरी आणि क्रमवारीत आठवा क्रमांक. त्या उपांत्य सामन्यात तो अँडरसनकडून २६-२४ असा पाचवा सेट हरला, सहा तास ३६ मिनिटांनी. २४-२४ वर इस्नरच्या सर्व्हिसवर अँडरसन घसरून पडला, उठला आणि रॅकेट डाव्या हातात घेऊन त्याने चेंडू परतवला. तो गुणही त्याने जिंकला, आणि पुढे तो गेमही. लहानपणी कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर तो काही काळ डाव्या हाताने खेळला होता, ते असं कामी आलं. पुढच्या वर्षी विम्बल्डनने पाचव्या सेटला १२-१२ वर टायब्रेक आणला, आणि २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये ६-६ वर दहा गुणांचा टायब्रेक असतो. नियम बदलायला लावणारे खेळाडू फार नसतात.

पुढे का गेला नाही? ज्यामुळे वर आला त्यामुळेच. सगळे सेट ६-६ पर्यंत न्यायचे तर सात सामन्यांच्या, पाच सेटच्या स्पर्धेत दुसऱ्या आठवड्यात अंगात काही शिल्लक राहत नाही. आणि टायब्रेकची बाजी कितीही जमली तरी कधीतरी उलटतेच. कारकिर्दीत १४ हजारांहून जास्त बिनतोड सर्व्हिस, हा विक्रम, आणि तरी ग्रँड स्लॅमचा एकही अंतिम सामना नाही. सहा फूट सहा इंचांच्या देल पोत्रो, चिलिच आणि मेदवेदेव यांनी अमेरिकन ओपन जिंकली. त्यांची सर्व्हिस इस्नरइतकी भारी नव्हती, पण ते परतवू शकायचे, वाकू शकायचे. दोन मीटरच्या वरच्या कुणाही पुरुषाला आजवर ग्रँड स्लॅमचं एकेरीचं विजेतेपद मिळालेलं नाही.

आता तुमचा मुलगा. प्रशिक्षकांचं अर्धंच ऐका. सर्व्हिस चांगली हवीच, पण 'बाकी सोड' हे सोळाव्या वर्षी धोक्याचं आहे, दोन कारणांनी.

एक म्हणजे शरीर. तो अजून वाढतोय. या वयात रोज शेकडो सर्व्हिस मारल्या तर कंबर मागे वाकवून वळवण्याचा ताण मणक्यावर येतो. तिथल्या हाडाला ताणाने चीर जाणं हा किशोरवयीन टेनिसपटूंमध्ये ओळखीचा प्रकार आहे. कंबर दुखते म्हणाला तर 'वाढीचं दुखणं' म्हणून सोडून देऊ नका, खेळ थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सर्व्हिसचा आकडा ठरवून घ्या आणि उंची भराभर वाढत असेल त्या महिन्यांत तो कमी ठेवा.

दुसरं म्हणजे, उंचीचा फायदा कुठे पळून जात नाही. तो विसाव्या वर्षीही असेल. पण गुडघ्यात वाकून खालचा चेंडू उचलणं, आखूड पावलांनी जागा घेणं, रिटर्न कोर्टात ठेवणं, हे आत्ता हाडामासात गेलं नाही तर नंतर फार कष्टाने येतं. त्याला मुद्दाम ठेंगण्या, चिवट मुलांबरोबर खेळवा. स्लाइस टाकणारा कुणी मिळाला तर उत्तमच. सर्व्हिसचा सराव करताना निम्म्या दुसऱ्या सर्व्हिस असू द्या. आठवड्यातून एकदा ६-६ पासून सुरू होणारे टायब्रेक खेळवा, लागोपाठ चार-पाच. आणि कॉलेज टेनिसचा रस्ता बंद करू नका, म्हणजे अभ्यास सोडू देऊ नका. सोमदेव आणि इस्नर दोघंही त्याच वाटेने गेले.

पुढच्या सामन्यात एक करा. एस मोजू नका, ते सगळेच मोजतात. समोरच्याच्या सर्व्हिसवर तो किती चेंडू परत आत टाकतो ते वहीत लिहा, आणि ती वही प्रशिक्षकांसमोर ठेवून मग बोला.