वाचकांचे प्रश्न : लाकडी मासा पाण्यात कुशीवर का पडतो?

बांधावर पांगारा आणि महारुख दोन्ही आहेत, घरात सागाच्या जुन्या चौकटीचे तुकडे पडून आहेत. ९० मिलिमीटरचं तरंगणारं लुअर (गळाला मासे भुलवणारा नकली मासा) करायचंय. लाकूड कोणतं घेऊ?
— एक वाचक, यावल

पांगारा. का, ते हिशेबातच दिसतं. ९० × २० × १५ मिमीचा ठोकळा म्हणजे २७ घनसेंटिमीटर. माशाचा आकार देताना बराच भाग निघून जातो, साधारण १५ उरतात. पूर्ण बुडालेल्या अंगाला पाणी १५ ग्रॅमचा आधार देतं. वाळलेला पांगारा घनसेंटिमीटरला ०.३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अंगाचं वजन साडेचार ग्रॅम. तार, रिंगा आणि दोन गळ यांचे चार-साडेचार धरा. शिशासाठी पाच-सहा ग्रॅमची जागा राहते. त्यातलं तीन-चार ग्रॅम वापरलं की मासा तरंगतो आणि तोलही धरतो.

सागाचं अंगच दहा ग्रॅमच्या घरात जातं. गळ लावले की ते जेमतेम तरंगतं, शिशाला जागा राहत नाही, आणि पोटात शिसं नसलं तर तोल नाही. ते तुकडे बुडणाऱ्या लुअरसाठी ठेवा. महारुख या दोघांच्या मधला. पांगाऱ्यापेक्षा त्याच्या कडा कानशीखाली कमी तुटतात, त्यामुळे हात बसेपर्यंत तोही चांगला. सातपुड्यातल्या अंजनाच्या वाटेला मात्र जाऊ नका, ते लाकूड नुसतंच बुडतं.

ओला पांगारा कोरू नका. २५ मिमी जाडीच्या चिपा करून त्यांच्या दोन्ही टोकांना मेण लावा आणि सावलीत, हवेशीर जागी ठेवा. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. चिपेतून पिठासारखा भुगा पडत असेल तर आत कीड आहे, ती चीप टाकून द्या.

आकार दिलेल्या अंगाचं नेमकं घनफळ हवं असेल तर त्यावर सीलरचा (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या द्रवाचा) एक हात मारून घ्या. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि अंग टाचणीने पूर्ण पाण्याखाली दाबा. ते पेल्याच्या तळाला किंवा काठाला टेकता कामा नये. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर.

लुअर हळू ओढलं की छान डुलतं. वेग वाढवला की कुशीवर पडून गोल फिरतं. तीन केले, तिन्ही तसेच.
— एक वाचक, शिरपूर

तिन्हींत एकच खोड असेल तर दोष हाताचा नाही, मापाचा आहे. एक तर लिप, म्हणजे तोंडाखालची पारदर्शक पट्टी, मोठी आहे, नाही तर शिसं फार वर बसलंय. शिसं अंगाच्या मध्यरेषेच्या खाली, पोटाच्या कातडीलगत हवं. भोक खोल पाडून आत ढकललेलं शिसं वजन वाढवतं, तोल देत नाही.

आधी लिप बघा. ९० मिमीच्या अंगाला लिपची रुंदी अंगाच्या जाडीपेक्षा थोडी जास्त, १८ मिमीपर्यंत, आणि बाहेर निघालेली लांबी २० मिमी पुरे. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिमी घासा, ओढून बघा, पुन्हा घासा. कमी केलेली लिप परत वाढत नाही, म्हणून घाई नको. पत्रा पॉलिकार्बोनेटचा घ्या, दीड मिमी जाड. अॅक्रिलिक दगडावर आपटलं की तुटतं.

लिपची खाच ठोकळा चौकोनी असतानाच करवतीने पाडायची. गोलाई दिल्यावर पाडली तर ती हमखास तिरकी जाते, आणि मग मासा जन्मभर एकाच बाजूला पळतो. लिप अंगाच्या रेषेत जितकी आडवी तितका मासा खोल जातो. उभी केली की वरच राहतो आणि जास्त डुलतो. पहिल्या प्रयत्नाला ४५ अंशांचा कोन ठीक.

शिसं कायमचं बसवण्याआधी बादलीत चाचणी घ्या. गळ, रिंगा, लिप सगळं लावून पोटाच्या गळाच्या दांडीला शिशाची तार गुंडाळत जा. पाठ वर, अंग आडवं किंवा शेपूट किंचित खाली अशी बैठक आली की ती तार सोडवून वजन करा, तेवढंच शिसं पोटात भरा. शिसं वितळवत असाल तर घराबाहेर वितळवा. साच्यात पाण्याचा थेंबही नको, वाफ होऊन शिसं अंगावर उडतं. गार शिसं कापून भोकात एपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाने) बसवलं तरी काम भागतं.

एवढं करून मासा थोडा डावीकडे ओढत असेल तर त्याचं तोंड आपल्याकडे करून धरा आणि दोरा बांधायची कडी पक्कडीने केसभर आपल्या उजवीकडे वळवा. उजवीकडे जात असेल तर उलट.

स्क्रूची कडी लावली होती. मोठा मासा लागला आणि कडीसकट गळ घेऊन गेला.
— एक वाचक, चाळीसगाव

पांगारा, सावर यांत स्क्रू धरत नाही. एक मिमीची स्टेनलेस तार नाकापासून शेपटीपर्यंत अखंड घ्या, पोटाच्या कडीचा पीळ तिच्यातच. अंगाला पोटाकडून मध्यापर्यंत खाच पाडा, तार बसवा, एपॉक्सीने बुजवा. मग लाकूड फुटलं तरी गळ दोऱ्यालाच राहतो.

शेवटचा एपॉक्सीचा थर दिला की बारीक बुडबुडे येतात. काही ठिकाणी थर चिकटही राहतो.
— एक वाचक, भुसावळ

थर सकाळी देत असाल. दिवस तापतो तशी लाकडातली हवा प्रसरण पावते आणि ओल्या थरातून बाहेर येते. तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा हे व्हायचंच. संध्याकाळी, तापमान उतरायला लागल्यावर थर द्या. त्याआधी सँडिंग सीलरचे तीन हात हवेत. गळाच्या कड्यांभोवती आणि लिपच्या खाचेत तर नक्कीच, पाणी तिथूनच शिरतं.

चिकटपणा येतो तो प्रमाण चुकल्यामुळे किंवा नीट न ढवळल्यामुळे. अंदाजाने पिळू नका. दोन्ही भाग सिरिंजने मोजा, डबीवर लिहिलेल्या प्रमाणात, आणि पूर्ण दोन मिनिटं सावकाश घोटा. पाच मिनिटांत जमणारं एपॉक्सी इथे चालत नाही, ते सपाट व्हायच्या आत घट्ट होतं. हळू जमणारं घ्या. मिश्रण वाटीत साठवू नका, प्लास्टिकच्या झाकणावर पसरा. ढीग करून ठेवलं की ते स्वतःच तापतं आणि लवकर जमतं.

थर ओघळू नये म्हणून मासा फिरता ठेवावा लागतो. कूलरच्या झडपा हलवणारी छोटी मोटर त्याला उत्तम. ती थेट २३० व्होल्टवर चालते, तेव्हा जोड नीट झाका.

आणि तयार झालेला काळा मासा गाडीच्या काचेखाली ठेवू नका. तिथेही तेच बुडबुडे येतात.

हतनूर धरणाच्या फुगवट्यात मरळसाठी कसलं लुअर करावं? पाणवनस्पती फार आहे.
— एक वाचक, रावेर

लिप नको, गवत तिथेच अडकतं. ८० मिमीचं सिगारच्या आकाराचं अंग करा आणि सगळं शिसं मागच्या तिसऱ्या हिश्शात भरा, म्हणजे शेपूट खाली आणि नाक वर राहतं. काठीच्या टोकाला हलके झटके दिले की ते डावं-उजवं चालतं. तीन टोकांच्या गळाऐवजी शेपटीला दोन टोकांचा गळ, टोकं वर करून. मरळचं तोंड कडक असतं, म्हणून गळ जाड तारेचा घ्या आणि कानशीने धार लावलेला ठेवा. रंगाची चिंता कमी करा. खालून बघणाऱ्या माशाला मुख्यतः सावलीच दिसते, त्यामुळे पोट काळं पुरे. पाठीवर केशरी ठिपका द्या, तो तुमच्यासाठी, लुअर कुठे आहे ते कळायला.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिलांचा थवा दिसला तर खाली आईबाप राखण करत असतात. त्यांना सोडून द्या, नाही तर ती पिलं इतर माशांच्या तोंडी जातात. धरणातले मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छिमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतात, म्हणून गळ टाकण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारा.