कोळसा संपणार, मग लेकीनं मायनिंग का घ्यावं?

प्रश्न : मी वणी भागातल्या ओपनकास्ट खाणीत डंपर ऑपरेटर आहे. मुलीला नागपूरच्या व्हीएनआयटीत मायनिंग मिळतंय, खासगी कॉलेजात कॉम्प्युटरही मिळेल. सगळे म्हणतात, कोळसा आता दहा-पंधरा वर्षांचा. त्यात मुलीची जात. आम्ही धूळ खाल्ली, ती तिनं का खावी?
(एक पालक)

उत्तर : नमस्कार दादा,

धुळीबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? दहा-पंधरा वर्षांचं तेवढं बोलते.

जमिनीखालचा कोळसा संपेल ही भीती सोडून द्या. एप्रिल २०२३ च्या हिशेबानं देशात शोधलेला साठा ३७८ अब्ज टनांच्या घरात होता, त्यातला निम्म्याहून थोडा जास्त सिद्ध, म्हणजे खात्रीचा. २०२४-२५ मध्ये आपलं कोळशाचं उत्पादन पहिल्यांदाच वर्षाला १ अब्ज टनांवर गेलं. सिद्ध साठ्याला यानं भागलं तर दोनशे वर्षं येतात, पण तो भागाकार फसवा आहे. एक टन कोळशासाठी किती ओबी, म्हणजे वरची माती-दगड, काढावी लागते हे तुमचा डंपरच सांगेल. खाण जशी खोल जाते तशी माती वाढते, आणि एक दिवस खाली कोळसा दिसत असूनही खाण बंद करावी लागते.

खरा प्रश्न मागणीचा. ३० मे २०२४ ला देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटवर पोचली. दुपारी सोलर जोरात असतं, पण संध्याकाळी सातला सूर्य मावळलेला आणि घराघरांत कूलर चालूच. बॅटऱ्या पुरेशा आणि स्वस्त होईपर्यंत ती वेळ चंद्रपूर, कोराडीसारखी केंद्रंच निभावणार. आजही देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची आहे. सरकारनं नेट झीरोसाठी, म्हणजे हवेत जाणारा कार्बन आणि शोषला जाणारा कार्बन सारखा करण्यासाठी, २०७० साल धरलंय. तुमची लेक निवृत्त होईल साधारण २०६७ ला. म्हणजे कोळशाची चढती आणि उतरती, दोन्ही तिच्याच नोकरीत येणार.

म्हणून तिनं कोळशाची नाही, खडकाची इंजिनिअर व्हावं. रॉक मेकॅनिक्स (खडक किती भार सोसतो याचं शास्त्र) आणि माइन प्लॅनिंगची सॉफ्टवेअरं पक्की केली, तर सिमेंटवाल्यांची चुनखडी, मॉईलचं मँगनीज, गडचिरोलीतल्या सुरजागडचं लोहखनिज, मेट्रोचे बोगदे, सगळीकडे वाट आहे. बंद खाणींचे ओबीचे डोंगर ढासळू न देणं हेही पुढे मोठं काम होईल, असा माझा अंदाज.

कोल इंडियाच्या भरवशावर मात्र राहू नका. मॅनेजमेंट ट्रेनीची भरती गेट या इंजिनिअरिंगच्या परीक्षेच्या गुणांवर होत आलीय, पण जाहिरात दरवर्षी निघेलच असं नाही. शिवाय डिग्रीनं कुणी मॅनेजर होत नाही, त्यासाठी डीजीएमएसची, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाची, परीक्षा द्यावी लागते. तुमच्या मॅनेजरसाहेबांना विचारा, मॅनेजरचं फर्स्ट क्लास सर्टिफिकेट काढायला त्यांना किती वर्षं लागली.

मुलीच्या जातीचं म्हणाल, तर २०१९ मध्ये बायकांना अंडरग्राउंडची परवानगी मिळाली. २०२१ मध्ये झारखंडच्या आकांक्षा कुमारी सेंट्रल कोलफील्ड्सच्या अंडरग्राउंड खाणीत रुजू झाल्या. पण परवानगी निघाली म्हणून पिटवर बायकांचं टॉयलेट उभं राहतंच असं नाही. तुमच्या खाणीत काय आहे ते बघून लेकीला खरं खरं सांगा. तिचा निर्णय त्यावर फिरला तरी त्यात गैर काही नाही.

कॉम्प्युटरचं कॉलेज कुठलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि सगळं अडतंय तिथेच. कॉलेज सुमार असेल तर मी डोळे झाकून व्हीएनआयटी म्हणेन. मन डळमळत असेल तर सीट स्वीकारताना फ्रीझ (हीच सीट कायम) करू नका, स्लाइड (त्याच कॉलेजात वरच्या पसंतीची शाखा मिळाली तर बदल) निवडा. यादीत मायनिंगच्या वर व्हीएनआयटीची दुसरी शाखा टाकली असेल, तर पुढच्या फेरीत ती मिळू शकते. फी भरायची शेवटची तारीख तेवढी सांभाळा.